आरएक्स-८ गरम झाली की सुरू होत नाही: इंजिन उघडायचं, की गाडी सोडायची?

ही पोस्ट माझदा आरएक्स-८ बद्दल आहे. भारतात ही गाडी कंपनीने कधी विकलीच नाही. आपल्याकडे माझदा म्हटलं की अजून स्वराज माझदाचा टेम्पोच आठवतो. इथे ब्रिटनमध्ये मात्र जुनी आरएक्स-८ एखाद्या बऱ्या सायकलच्या भावात मिळते. दिसायला देखणी, चार सीट, उलटी उघडणारी मागची दारं आणि ९००० आरपीएमपर्यंत गाणारं इंजिन. ओळखीतला कुणी ना कुणी ती घेतो आणि काही महिन्यांनी फोन येतो: "पेट्रोल भरायला थांबलो, आता सुरूच होईना. इंजिन गेलं का?"

कधी गेलेलं असतं, कधी नसतं. हे ठरवण्याचा एक क्रम आहे आणि तो पाळला नाही की माणूस दोन्ही बाजूंनी फसतो. चांगलं इंजिन असलेली गाडी भंगारात जाते, नाहीतर मेलेल्या इंजिनावर कॉइल, प्लग आणि बाटल्यांतली औषधं ओतली जातात.

आधी इंजिनाबद्दल थोडं. हे रोटरी इंजिन आहे, यात पिस्टन नाही. ६५४ सीसीचे दोन कप्पे आणि प्रत्येकात फिरणारा एक त्रिकोणी रोटर, म्हणजे एकूण १३०८ सीसी. रोटरच्या तीन कोपऱ्यांवर एकेक पातळ धातूची पट्टी असते, ती ॲपेक्स सील. बाजूंना साइड सील. पिस्टनच्या रिंगा जे काम करतात तेच यांचं: दाब कोंडून धरायचा. दोन रोटर, प्रत्येकाचे तीन चेहरे, म्हणून या इंजिनात कॉम्प्रेशनचे आकडे सहा असतात. हे सहा लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे.

लक्षणं

- सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालवून बंद केली आणि लगेच परत सुरू करायला गेलात की नुसती सेल्फ घेत राहते. अर्ध्या तासाने, थोडी निवल्यावर, पुन्हा सुरू. या इंजिनाचं हे सगळ्यात बोलकं लक्षण.
- गरम झाल्यावर सिग्नलला आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) खाली जातं, कधी बंदच पडते.
- जोर लावला की मिसिंग, इंजिनचा दिवा लुकलुकतो, मागून सडक्या अंड्यासारखा वास.
- पाच-सहा हजार आरपीएमनंतर पिकअप नाही, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं. पायाखालची जमीन गरम लागते.
- कूलंट कमी होत राहतो आणि खाली थेंबही दिसत नाही. सुरू करताना पांढरा धूर आणि पहिलं मिनिट एकाच रोटरवर लडखडत चालते.
- काल गॅरेजमधून बाहेर काढून लगेच बंद केली होती, आज अजिबात उचलत नाही. याचा इंजिन झिजण्याशी सहसा काही संबंध नसतो. इंजिन पेट्रोलने बुडालेलं असतं.

ही लक्षणं एकमेकांत मिसळतात. अडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला जाळीचा डबा) आणि झिजलेलं इंजिन चालवताना जवळजवळ सारखंच वाटतं. म्हणून लक्षणांवरून निकाल द्यायचा नाही. तपासणी करायची, फुकटवाली आधी.

डिपस्टिक आणि झाकण

पाच मिनिटांचं काम. हे इंजिन ऑइल जाळतं आणि ते तसंच बनवलेलं आहे: एक छोटा पंप थोडं थोडं ऑइल थेट ज्वलनकक्षात सोडतो, त्यावर ॲपेक्स सील घसरतात. म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. मालक कौतुकाने सांगतो, "माझी गाडी थेंबभरही ऑइल खात नाही," तेव्हा मला जास्त काळजी वाटते. ऑइल कमी होतच नसेल तर तो पंप किंवा त्याच्या नळ्या काम करत नसण्याची शक्यता आहे आणि सील कोरडे घासले जात असतील.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा लोण्यासारखा थर दिसला म्हणून घाबरून विकणारे लोक मी पाहिलेत. या गाडीत ऑइल भरायची नळी लांब आहे आणि थंड राहते, त्यामुळे छोट्या फेऱ्यांत तिथे वाफ साचून असा थर येतोच. त्यावरून कूलंट ऑइलमध्ये गेलं असं ठरत नाही. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

बॅटरी आणि स्टार्टर

या गाडीवर सगळ्यात जास्त अन्याय होतो तो इथे. रोटरी इंजिनात सुरू होतानाचा दाब स्टार्टर किती वेगाने फिरवतो यावर फार अवलंबून असतो. सीलच्या फटीतून हवा सतत निसटत असते; वेगाने फिरवलं तर निसटायला वेळ मिळत नाही. माझदाचे कॉम्प्रेशनचे आकडेही म्हणूनच २५० आरपीएमला धरून दिलेले आहेत. सुरुवातीच्या गाड्यांचा स्टार्टर दमेकरी होता, पुढे कंपनीनेच जास्त वेगाचा स्टार्टर आणला. पंधरा-वीस वर्षं जुना मूळ स्टार्टर गरम झाला की आणखी हळू फिरतो आणि चांगलं इंजिनही मेल्यासारखं वागतं.

बॅटरी रात्रभर चार्ज करा. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. मग गाडी पूर्ण गरम करून बंद करा, दुसऱ्या चालू गाडीची जंपर केबल लावा आणि सेल्फ मारा. आता पटकन सुरू झाली, तर बॅटरी, स्टार्टर किंवा अर्थिंगची वायर यांच्याकडे आधी बघा. स्टार्टर बदलणं इंजिन उघडण्याच्या मानाने फारच स्वस्त आहे.

एक सावधगिरी. जोरदार स्टार्टर अशक्त इंजिनालाही सुरू करून देतो. विकत घ्यायला गेलात आणि मालक नवा स्टार्टर अभिमानाने दाखवू लागला, तर तो का बदलला हे विचारा.

पेट्रोलने बुडालेलं इंजिन

थंड असताना हे इंजिन भरपूर पेट्रोल घेतं. सुरू करून दहा सेकंदांत बंद केलं की जादा पेट्रोल आत राहतं, सीलवरची ऑइलची पापडी धुतली जाते, दाब पडतो आणि पुढच्या वेळी काहीच होत नाही.

उपाय: ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरा आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. पेडल पूर्ण दाबलेलं असताना कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही, त्यामुळे आतलं बाहेर फेकलं जातं. मिनिटभर थांबून पुन्हा. दोन-तीन वेळांत नाही जमलं तर बॅटरी मारत बसू नका. प्लग काढून वाळवा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि प्लग लावून परत बघा. सुरू झाल्यावर पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. यानंतर गाडी गरम होऊनही नीट चालत असेल तर प्रश्न संपला. पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून साधा नियम: सुरू केली की काटा मध्यावर येईपर्यंत बंद करायची नाही.

प्लग आणि कॉइल

चार प्लग आणि त्यांना ठिणगीची वीज देणारे चार कॉइल. प्रत्येक रोटरला खालचा प्लग तो लीडिंग, वरचा तो ट्रेलिंग. दोन्ही प्लग वेगळ्या जातीचे आहेत, अदलाबदल करायची नाही. डावं पुढचं चाक काढलं की प्लगपर्यंत हात पोचतो.

कॉइल या गाडीत प्लगसारखेच बदलायचे भाग आहेत. ६०-७० हजार किलोमीटरला मी ते संपलेलेच धरतो, गाडी मिसिंग करत नसली तरी. कारण असं: प्रत्येक रोटरला दोन ठिणग्या असल्यामुळे एक कॉइल अर्धमेला झाला तरी गाडी चालत राहते आणि मालकाला काही कळत नाही. पण न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं. कॅट तापतो, आतली जाळी वितळते, धूर जायला वाट उरत नाही, ती उष्णता इंजिनाकडे परत येते आणि शेवटी सील मरतात. स्वस्तातल्या एका कॉइलने अख्खं इंजिन गेल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्या अशा घडतात.

कोड वाचणारं छोटं यंत्र घ्या, वीस पौंडांत मिळतं. पी०३०१ म्हणजे पुढचा रोटर, पी०३०२ म्हणजे मागचा. चारही कॉइल एकदम बदला, नावाजलेल्या कंपनीचे. ऑनलाइन मिळणारे फार स्वस्त संच मी लावत नाही. सहा महिन्यांत तेच चाक परत काढायला लागतं.

याच वेळी एक फुकटचा उद्योग उरकून घ्या. पुढच्या पुलीजवळ एक्सेंट्रिक शाफ्टचा (रोटर ज्या दांड्याला फिरवतात त्याचा) सेन्सर असतो, त्याच्या टोकावर लोखंडाची भुकटी चिकटते. काढून पुसा. बॅटरी काढून लावली असेल किंवा सेन्सर हलवला असेल तर इग्निशन चालू करून, इंजिन सुरू न करता, आठ सेकंदांत ब्रेक २० वेळा दाबा. ऑइलचा काटा हलला की कॉम्प्युटरने जुनं शिकलेलं पुसलं. वाचायला चेटूक वाटेल, पण या गाडीची ती खरीखुरी पद्धत आहे, आणि लडखडणारं आयडल यानेच सुधारलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

गाडी थंड असताना खाली जाऊन रबरी हातोडीने कॅटवर टकटक करा. आत खुळखुळलं तर जाळी फुटली. आवाज नाही आला म्हणून तो मोकळा आहे असंही नाही. खात्री करायची तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे मागचा दाब मोजणारा गेज लावतात किंवा सरळ कॅट उतरवून आरपार उजेड दिसतो का ते बघतात. नट गंजलेले असतात, तुटतात. जॅकवर झोपून हे करू नका, लिफ्ट असलेल्या गॅरेजात थोडे पैसे देऊन करून घ्या.

अडलेला कॅट निघाला तर अर्धी बातमी चांगली. पिकअप का नव्हता ते कळलं, इंजिन कदाचित ठीक असेल. अर्धी वाईट, कारण अशा कॅटबरोबर गाडी किती दिवस चालवली गेली हे कुणालाच माहीत नसतं. कॅट पोकळ करून बसवायचा सल्ला देणारे भेटतील. ब्रिटनमध्ये तशी गाडी एमओटीला, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीला, नापास होते, त्यामुळे तो विषय इथेच सोडतो.

कूलंट

डॅशबोर्डवर कूलंट कमी असल्याचा दिवा लागला तर आधी बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. बाटलीतला लेव्हल सेन्सर खराब होणं ही या गाडीची जुनी खोड. उलट बाजूने, तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो बराच वेळ मध्यावर ठाम बसलेला असतो आणि हलायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. कोड वाचणाऱ्या यंत्रावरच खरं तापमान दिसतं, ते बघायची सवय लावा.

कूलंट खरोखर कमी होत असेल तर रेडिएटर, पाइप आणि बाटलीचे सांधे बघा. बाटलीला बारीक चीर जाणं नेहमीचं. बाहेर काहीच सापडलं नाही तर रसायनाची चाचणी करा: बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरायची, कूलंटमध्ये इंजिनचा धूर मिसळत असेल तर द्रव पिवळा पडतो. किट स्वस्त आहे. पिवळा झाला म्हणजे आतली कूलंटची सील गेली. रोटरीत हे पिस्टनच्या इंजिनाचं डोकं (हेड) उघडून गॅस्केट बदलण्याइतकं सोपं नाही. ही सील हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) थरांमध्ये असतात, अख्खं इंजिन सुटं करावंच लागतं.

इथे थांबा. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकू नका. ते रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं आणि उद्या इंजिन बांधणारा माणूस तुम्हाला तेही बदलायला लावेल.

कॉम्प्रेशन

इथवरचं सगळं नीट असूनही गरम इंजिन सुरू होत नसेल तर आता मोजायचं. हे काम तुमचं नाही, नेहमीच्या गॅरेजवाल्याचंही नाही. साध्या गेजची सुई तीनही चेहऱ्यांपैकी जास्तीत जास्त दाबावर जाऊन अडकते; एक चेहरा मेलेला असला तरी आकडा झकास दिसतो. गेजमधला व्हॉल्व्ह काढून सुईच्या उड्या मोजायची युक्ती आहे, पण त्याने तीन उड्या सारख्या आहेत की नाहीत एवढंच कळतं. रोटरीसाठी वेगळं यंत्र लागतं. ते प्रत्येक चेहऱ्याचा दाब वेगळा नोंदवतं आणि त्या वेळी इंजिन किती वेगाने फिरत होतं हेही लिहितं. रोटरीचं काम करणाऱ्याकडेच ते असतं. साधारण शंभर पौंडांच्या आत हे होतं, आणि या पोस्टमधला एकच खर्च मी प्रत्येकाला करायला सांगेन तर तो हा.

इंजिन पूर्ण गरम हवं. थंड इंजिनात घट्ट ऑइल फटी बुजवतं आणि आकडे खोटे चांगले येतात. कुकरची रिंग सैल झाली तरी भांडं गार असताना झाकण घट्टच वाटतं, वाफ धरली की कळतं, तसंच हे. हातात कागद आला की त्यावर २५० आरपीएमला सुधारलेले आकडे आहेत ना ते बघा. नुसते कच्चे आकडे सांगून, तेही नव्या जोरदार स्टार्टरवर मोजलेले, गाडी विकणारे आहेत.

माझदाच्या पुस्तकाप्रमाणे नव्या इंजिनाचा दाब ८३० किलोपास्कल, म्हणजे ८.३ बार. किमान मर्यादा ६८० किलोपास्कल, ६.८ बार. एकाच रोटरच्या चेहऱ्यांत १५० किलोपास्कलपेक्षा जास्त आणि दोन रोटरांत १०० पेक्षा जास्त फरक नको.

आता सहा आकडे वाचायचे कसे. सगळेच साडेसहा बारच्या आसपास आणि सारखे असतील, तर इंजिन म्हातारं झालंय, मोडलेलं नाही. एका रोटरचे दोन शेजारचे चेहरे पडलेले असतील, तर त्यांच्या मधल्या कोपऱ्यावरचा ॲपेक्स सील गेलाय. तो दोघांमधला दरवाजा आहे, दोन्हीकडचा दाब तोच धरतो. एकच चेहरा पडला असेल तर संशय साइड सीलवर. एका रोटरचे तीनही खाली आणि दुसऱ्याचे उत्तम असतील तर तो रोटर कधीतरी फार तापलाय किंवा तिथली कूलंट सील गेली आहेत, आणि हाउसिंगची आशा कमी धरा.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळणारे पुष्कळ मालक आहेत. वंगणासाठी ते ठीक, मीही नाही म्हणत नाही. पण झिजलेला धातू त्याने परत येत नाही. कॉम्प्रेशन वाढवून देतो म्हणणारी बाटली घेऊ नका.

उघडायचं की सोडायचं

कॉम्प्रेशन गेलंय हे कागदावर आलं की लोक इंजिनाचा विचार करायला लागतात. माझं म्हणणं उलटं आहे. इंजिनाचं उत्तर मिळालंय, ते बांधता येतं. आता इंजिन विसरा आणि उरलेली गाडी बघा, कारण पैसे इंजिनात घातले तरी ते राहणार आहेत त्या पत्र्यात.

ब्रिटनच्या मिठाळ रस्त्यांवर आरएक्स-८ गंजते ती मागच्या चाकांच्या कमानींपासून आणि दारांखालच्या पत्र्यापासून, म्हणजे सिलपासून (इंजिनातल्या सीलशी गल्लत नको). या गाडीला मधला खांब नाही, दारं समोरासमोर उघडतात. त्यामुळे सिलवर जास्त भार आहे. तिथे आतून गंज असेल तर वेल्डिंगचं बिल वेगळं येईल आणि ते शेवटचं नसेल. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की जुने एमओटी निकाल फुकट दिसतात. तीन वर्षं लागोपाठ गंजाची सूचना असेल आणि कुणी काही केलं नसेल, तर मी पुढे जात नाही. मग गिअरबॉक्स: दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला कुरकुर, आणि क्लच दाबताना पेडलच्या कण्यातून करकर. पेडल धरणारी पट्टी तडकते, वेल्डिंग करता येतं, पण यादीत धरा.

नोंदणीची तारीखही बघा. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा रोड टॅक्स त्यानंतरच्या गाडीपेक्षा बराच कमी आहे, आणि हा फरक दर वर्षी भरायचा असतो. दोन सारख्या गाड्यांमधून एकच वाचवायची असेल तर मी आधीची वाचवेन.

पत्रा चांगला, गिअरबॉक्स चांगला, पण आकडे सहा-साडेसहाचे आणि सारखे, अशी गाडी बऱ्याचदा समोर येते. अशा वेळी लगेच काही करू नका. चांगला स्टार्टर, चांगली बॅटरी, नवे कॉइल लावा आणि चालवा, पैसे साठवा. अशी इंजिनं पुढेही बरीच चालतात. मात्र एखाद्या चेहऱ्याचा आकडा बाकीच्यांपासून फारच तुटून पडला असेल तर चालवणं थांबवा: सीलचा तुकडा सुटला तर तो हाउसिंगचा आतला क्रोमचा थर ओरबाडतो, आणि आज जे हाउसिंग परत वापरता आलं असतं ते उद्या भंगार होतं. रीबिल्डच्या (इंजिन सुटं करून नव्याने बांधण्याच्या) बिलात सगळ्यात जड आकडा हाउसिंगचाच असतो.

रीबिल्ड म्हणजे इथे तीन-चार हजार पौंड धरून चाला, हाउसिंग नवी लागली तर त्याहून वर. गाडीची किंमत बहुतेक वेळा त्यापेक्षा कमी. म्हणजे हिशेबाने हे कधीच बसत नाही, आणि बसतं असं सांगणाऱ्याला काहीतरी विकायचं आहे. गाडी पाच-सात वर्षं ठेवायची इच्छा असेल, ती चालवताना मजा येत असेल आणि पत्रा धड असेल, तरच करा. रोज कामावर जायला गाडी हवी म्हणून करत असाल तर नको. त्या पैशात साधी होंडा येते.

अर्ध्या किमतीत रीबिल्ड करून देतो म्हणणाऱ्याला चार गोष्टी विचारा. हाउसिंग मोजणार का, आणि कुठल्या मापापलीकडे ती टाकून देणार? बाजूच्या लोखंडी प्लेटांवर सीलने पाडलेली पायरी किती खोल असेल तर प्लेट घासून घेणार? साइड सीलची फट एकेक बसवून मोजणार, की संच उघडून तसाच लावणार? शेवटी सहा आकड्यांचा कागद देणार का? शेवटच्या प्रश्नावर चुळबूळ झाली तर गाडी परत घेऊन या. नुसती नवी सील जुन्या, ओरखडलेल्या हाउसिंगमध्ये बसवली तर गाडी सुरू होते, मालक खूश होतो, आणि वर्षाच्या आत तीच तक्रार घेऊन परत येतो.

वापरलेलं इंजिन आणून बसवणं हा सगळ्यात स्वस्त वाटणारा रस्ता. अपघातात गेलेल्या गाडीचं असेल, ती गाडी चालू असताना मोजलेल्या कॉम्प्रेशनचा कागद असेल, तर विचार करता येईल. शेल्फवर पडलेलं, "चालू होतं" एवढ्याच बोलीवर विकलं जाणारं इंजिन घेऊ नका. ते गाडीतून का काढलं गेलं, याचं उत्तर बहुतेक वेळा तेच असतं ज्यासाठी तुम्ही तुमचं काढताय.

आणि इंजिन बांधलंच, तर जुनं का मेलं ते शोधल्याशिवाय नवं सुरू करू नका. तेच जुने कॉइल, तोच अर्धा वितळलेला कॅट, तोच थकलेला ऑइलचा पंप परत बसवला तर बिल पुन्हा येईल. जुनं इंजिन बेअरिंग जाऊन मेलं असेल तर ऑइल कूलर आणि त्यांच्या नळ्या धुऊन चालत नाही असं मानणारे चांगले कारागीर आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. कूलरच्या जाळीत अडकलेली धातूची भुकटी सगळी कधीच निघत नाही.

सोडायचं ठरलं तर गाडी चालू आहे असं भासवून विकू नका. जाहिरातीत कॉम्प्रेशनचा कागद, पत्र्याचे खालून काढलेले फोटो आणि नवे टाकलेले कॉइल-स्टार्टर यांच्या पावत्या लावा. रोटरीची कामं करणारे लोक अशीच गाडी शोधत असतात, आणि निरोगी पत्र्याची बंद गाडी गंजलेल्या चालू गाडीपेक्षा त्यांना जास्त हवी असते. गिऱ्हाईक येईपर्यंत ती सार्वजनिक रस्त्यावर उभी करायची नसेल तर डीव्हीएलएकडे (ब्रिटनचं गाड्यांच्या नोंदणीचं सरकारी खातं) एसओआरएन, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं जाहीर करणारी नोंद, भरा. भरलेल्या टॅक्समधल्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतात. बॅटरीची केबल काढून ठेवा आणि कुणी बघायला आलं की सेल्फ मारण्याआधी ती रात्रभर चार्ज करा.